हिट्स आधी की बँड आधी? : मुंबईच्या गिटारवाल्यांचा राहून गेलेला संग्रह

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांनी ऐकलंय त्यांना काही वाक्यं ओळखीची वाटतील, काही मी लिहिताना वाढवलीत. एक गोष्ट आधीच सांगतो. आज खूप गाण्यांची नावं येणार आहेत आणि त्यातलं एकही मी वाजवू शकत नाही. कॉपीराइट, दुसरं काय. त्यामुळे एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात सर्च असं करून वाचा.

विषय मिळाला आमच्याच दहिसरमध्ये. इथे चार पोरांचा एक बँड आहे. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम. वयं वीस-बावीस. जॅम रूमचं तासाचं भाडं चौघांत वाटून घेतात आणि भाडं जास्त झालं की एकाच्या बेडरूममध्ये चादरी लावून वाजवतात. मराठीत गातात. त्यांनी स्वतःची सात गाणी एकत्र करून पहिला अल्बम करायचं ठरवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'ग्रेटेस्ट हिट्स'. बेसवाल्याच्या बाबांनी विचारलं, "अरे, पण हिट झालंय काय त्यातलं?" पोरगा म्हणाला, "बाबा, नाव आहे ते."

सगळे हसले. मीही हसलो. पण हसून झाल्यावर डोक्यात राहिलं, की हा जोक बाहेरच्या जगात जोक नव्हताच कधी. कोवळ्या वयाच्या लोकांचे 'ग्रेटेस्ट हिट्स' निघणं ही तिकडे अगदी धंद्याची नेहमीची गोष्ट होती. आपल्याकडेच ती झाली नाही. का झाली नाही, ते आज बघू.

या नावाचा रिवाज पडला तो १९५८ साली. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने जॉनी मॅथिस या गायकाची सुट्या तबकड्यांवर आलेली गाणी एका एलपीवर एकत्र केली आणि वर छापलं 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स'. मॅथिस तेव्हा बावीस वर्षांचा होता. रेकॉर्डिंग सुरू करून दोनच वर्षं झालेली! ती एलपी बिलबोर्डच्या यादीत सलग ४९० आठवडे राहिली. म्हणजे नऊ वर्षांहून जास्त. कंपन्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं. नवीन गाणं करायला स्टुडिओ, वादक, वेळ सगळं लागतं. जुनं गाणं पुन्हा छापायला फक्त नवीन कव्हर लागतं.

मग बीटल्स. १९६६ च्या नाताळला त्यांचा नवा अल्बम तयार नव्हता. तिकडे नाताळ म्हणजे आपली दिवाळी, खरेदीचा हंगाम, दुकान रिकामं ठेवून कसं चालेल? कंपनीने डिसेंबरमध्ये 'अ कलेक्शन ऑफ बीटल्स ओल्डीज' काढला. ओल्डीज! त्यातलं सगळ्यात जुनं गाणं १९६३ चं, म्हणजे तीन वर्षांपूर्वीचं. आणि बँडमधला सगळ्यात धाकटा जॉर्ज हॅरिसन होता २३ वर्षांचा.

पण या प्रकाराचा राजा म्हणजे ईगल्स. फेब्रुवारी १९७६ मध्ये 'देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१–१९७५' आला. बँडचे तोवर फक्त चार अल्बम झाले होते. अमेरिकेत त्याच वर्षी 'प्लॅटिनम' हे प्रमाणपत्र सुरू झालं आणि ते मिळवणारा हा पहिला अल्बम. २०१८ साली त्याची मोजणी पुन्हा झाली, तेव्हा तो ३८ पट प्लॅटिनम निघाला आणि मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्याही पुढे गेला. आता गंमत बघा. मुंबईत ज्याने ज्याने म्हणून गिटार हातात घेतली त्याने 'हॉटेल कॅलिफोर्निया' वाजवलंच, पण ते गाणं या संग्रहात नाही. कारण ते आलं त्याच वर्षाच्या डिसेंबरात, संग्रहानंतर. म्हणजे त्यांचे 'सर्वोत्कृष्ट' जाहीर झाले तेव्हा त्यांचं सर्वात गाजलेलं गाणं बाहेर यायचं होतं.

तर आमची दहिसरची पोरं अगदीच वेडी नाहीत.

आता आपल्याकडे या. असा संग्रह निघायला काय काय लागतं ते मोजा. आधी गाणं रेकॉर्ड व्हायला हवं. मग ते सुटी तबकडी म्हणून विकलं जायला हवं. मग रेडिओवर वाजायला हवं, म्हणजे कुठलं हिट आणि कुठलं नाही हे कळेल. साठच्या दशकातल्या मुंबईत गिटार वाजवणाऱ्या पोराकडे यातलं एकही नव्हतं. तबकड्यांचा धंदा जवळजवळ सगळा ग्रामोफोन कंपनीच्या हातात, म्हणजे ज्याला आपले आजोबा एचएमव्ही म्हणायचे. त्यांचा कारखाना कोलकात्याजवळ डमडमला. त्यांना सिनेमाची गाणी, नाट्यगीतं, अभंग, भावगीतं यातून फुरसत कुठली! रेडिओवर इंग्रजी गाण्यांचे कार्यक्रम होते, पण ते विलायती तबकड्यांचे. आणि परकीय चलनाच्या तंगीमुळे बाहेरची गिटार किंवा अँप्लिफायर आणणं म्हणजे कुणीतरी जहाजावर नोकरीला असायला हवं, किंवा कुणीतरी परदेशी पाहुणा आपली गिटार विकून जायला हवा. बाकीच्यांनी देशी गिटार घेतली, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून अँप बनवून घेतला. धोबी तलावच्या फुर्टाडोजच्या काचेतून नुसतं बघणारे तर किती असतील.

गाणी मात्र दुसऱ्यांची. हे महत्त्वाचं आहे. हॉटेलमध्ये, कॉलेजात, लग्नात लोकांना ओळखीचं गाणं हवं असायचं. जितकं हुबेहूब, तितका बँड भारी. अशा बँडचा 'ग्रेटेस्ट हिट्स' काढायचा तर तो आधीच कुणाच्या तरी नावावर निघालेला असतो ना!

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण आपल्या साताऱ्यातलं आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड केला. गायला ब्रूस मरे, गिटारवर डेरिक ब्रांच, बेसवर फरंग इराणी, ड्रमवर व्हिक्टरी राणा आणि पियानोवर फारुख बलसारा. एल्व्हिस, लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. पुढे डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला, फरंग इराणी यांनी पुण्यात सिझलर्सचं हॉटेल चालवलं. आणि पियानोवाला फारुख म्हणजे फ्रेडी मर्क्युरी.

क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' ऑक्टोबर १९८१ मध्ये निघाला. ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त विकला गेलेला अल्बम हाच. २०२२ साली तिथे सत्तर लाखांचा आकडा ओलांडणारा पहिला अल्बमही हाच ठरला. आणि हेक्टिक्सचं? एका गाण्याचंही रेकॉर्डिंग नाही. फोटो आहेत, पांढरे शर्ट घातलेली पोरं आहेत, आवाज नाही. पाचगणीच्या हवेत वाजला आणि गेला. फ्रेडी फ्रेडी झाला नसता तर ते फोटोसुद्धा कुणी जपले नसते, असं मला वाटतं.

बरं, मग आपल्या गिटार बँड्सचा संग्रह निघालाच नाही का? निघाला. आणि तो काढला कुणी? सिगरेटवाल्यांनी.

इंपीरियल टोबॅको कंपनी, जिचं नाव १९७० मध्ये इंडिया टोबॅको कंपनी झालं आणि आज जिला आपण आयटीसी म्हणतो, तिचा 'सिमला' नावाचा सिगरेटचा ब्रँड होता. तो तरुणांपर्यंत न्यायचा म्हणून त्यांनी 'ऑल इंडिया सिमला बीट काँटेस्ट' भरवली. 'बीट ग्रुप' हा तेव्हाचा शब्द, बँड म्हणजे लग्नातला किंवा पोलिसांचा. ठिकठिकाणी प्राथमिक फेऱ्या आणि अंतिम फेरी मुंबईत, किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद हॉलमध्ये. हो, तोच हॉल, जिथे तुमच्या आईबाबांनी शास्त्रीय संगीत ऐकलं असेल. मद्रास, बंगळूर, कलकत्ता, थेट शिलाँगहून पोरं रेल्वेच्या थर्ड क्लासने ड्रम घेऊन यायची, असं मी डोळ्यांसमोर आणतो तेव्हा मला आपल्या लोकलमध्ये गिटार बॅग वर धरून उभी राहणारी मंडळी आठवतात. दहिसरला तेव्हा काय होतं? १९५७ साली मुंबईची हद्द दहिसरपर्यंत आली होती, पण शेती, नदी आणि गावठाण हेच जास्त. नाक्याच्या पलीकडे मुंबई संपायची. तशी ती अजून संपते म्हणा.

या स्पर्धेतल्या बँड्सच्या दोन एलपी निघाल्या, 'सिमला बीट ७०' आणि 'सिमला बीट ७१'. प्रत्येक बँडला एखाद-दोन गाण्यांची जागा. मद्रासचे द कन्फ्युजन्स, शिलाँगचे द फेंटोन्स, मुंबईचे व्हेलव्हेट फॉग अशी नावं. फेंटोन्सने तर चक्क 'सिमला बीट थीम' वाजवली. आज ऐकलं तर कळतं की काही गाणी सरळ विलायती गाण्यांच्या नकला आहेत, पण काही पोरांनी स्वतः लिहिलेली आहेत. मला विचाराल तर आवाज कच्चा आहे, काही ठिकाणी गाणाऱ्याचे इंग्रजी उच्चार उसने वाटतात. पण ड्रमवाला आणि गिटारवाला एकमेकांना सोडून पळतात आणि पुन्हा एका ठोक्यावर भेटतात, तेव्हा अंगावर काटा येतो. ही पोरं कुणी शिकवलेली नाहीत, तबकडीची सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवून शिकलेली आहेत.

या दोन एलपी नंतर युरोपात पुन्हा छापल्या गेल्या. तिकडे जुन्या सायकेडेलिक रॉकच्या मागे लागलेले संग्राहक आहेत, त्यांना हा माल म्हणजे खजिना. आज तुम्हाला ही गाणी ऑनलाइन ऐकायला मिळतात ती बरीचशी त्यांच्या हौसेमुळे. या सगळ्या पिढीवर सिद्धार्थ भाटिया यांनी २०१४ मध्ये 'इंडिया सायकेडेलिक' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. मिळालं तर वाचा.

एक आडवी गोष्ट. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याने सिगरेट कंपन्यांच्या जाहिराती आणि असली प्रायोजकत्वं बंद झाली. चांगलंच झालं, माझा त्यावर वाद नाही. पण हेही खरं की त्या काळात या पोरांना मोठं स्टेज आणि तबकडी दिली ती धूर विकणाऱ्यांनीच. सरकारने नाही, रेडिओने नाही, तबकडीवाल्यांनी आपण होऊन तर नाहीच.

आता व्हेलव्हेट फॉगचं नाव घेतलंच आहे तर मराठी माणूस येऊ द्या. नंदू भेंडे! आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा. म्हणजे घरात नाटक, आणि हा गातोय रॉक. व्हेलव्हेट फॉगमध्ये गायला, नंतर 'द सॅव्हेजेस'मध्ये गायला. १९७४ मध्ये अॅलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' केलं, त्यात नंदू भेंडे ज्यूडास होते आणि मधुकर चंद्र धस जीझस. मग १९७८ मध्ये पुलंनी ब्रेख्तच्या नाटकावरून लिहिलेलं आणि जब्बार पटेलांनी थिएटर अॅकॅडमीतर्फे बसवलेलं 'तीन पैशाचा तमाशा' आलं. त्यात अंकुशच्या भूमिकेत पुन्हा नंदू भेंडे, आणि मराठी प्रेक्षकांनी पहिल्यांदा मराठी शब्द असे रॉकच्या गळ्यातून ऐकले. माझ्या मते मराठी रॉकची जन्मतारीख शोधायची तर ती इथे शोधावी, कुठल्या कॉलेज फेस्टमध्ये नाही. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मधलं 'कृष्णा धरती पे आजा तू' त्यांचंच.

अकरा एप्रिल २०१४ ला ते गेले. आता मला सांगा, या माणसाचा 'ग्रेटेस्ट हिट्स' कसा काढायचा? एक तुकडा बीट ग्रुपच्या तबकडीवर, एक इंग्रजी संगीतिकेत, एक मराठी नाटकात, एक बप्पी लाहिरींच्या सिनेमात. चार भाषांचं नाही, पण चार दुनियांचं काम. चारही ठिकाणचे हक्क वेगळ्यांकडे. एका कव्हरखाली हे आणायला कुणाला परवडेल? म्हणून कुणी आणलं नाही. आणि म्हणून आज विशीतल्या दहा मराठी गिटारवाल्यांना विचारलं, तर आठ जणांना हे नाव माहीत नसतं. मी विचारून बघितलंय. त्या चार पोरांपैकी तिघांना माहीत नव्हतं.

त्याच सुपरस्टारच्या वर्तुळातला दुसरा बँड, अॅटॉमिक फॉरेस्ट. मुंबईचा, आणि धस त्यांचेही गायक. हॉटेलात वाजवायचे, जोरात वाजवायचे, आणि नावावर एकच एलपी, 'ऑब्सेशन ७७'. ती अनेक वर्षं जुन्या बाजारातली दुर्मीळ चीज होती. मग २०११ साली अमेरिकेतल्या नाऊ-अगेन नावाच्या लेबलने त्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज गोळा करून, साफ करून 'ऑब्सेशन' नावाने काढली. तर मुंबईच्या बँडचा संग्रह निघाला, फक्त तो निघायला तीस वर्षं लागली आणि तो निघाला अमेरिकेत.

रॉक मशीनची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर वेगळा एपिसोड करायचाय. १९८४ ला मुंबईत सुरुवात, गिटारवर महेश तिनईकर, पुढे गायक उदय बेनेगल. तेही आधी दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचे. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं आणि हळूहळू लोक स्वतःची गाणीही ऐकून घ्यायला लागले. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आला, सगळी स्वतःची गाणी. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड. इथे पहिल्यांदा असा बँड मिळतो ज्याच्याकडे संग्रहाला पुरतील इतकी स्वतःची, रेकॉर्ड झालेली, लोकांना पाठ असलेली गाणी आहेत. १९५८ च्या हेक्टिक्सपासून मोजा, तीस वर्षं गेली यात.

ही झाली नावं असलेल्यांची गोष्ट. बिननावाच्यांचं काय?

दहिसर आणि बोरिवलीच्या शिवेवर आय. सी. कॉलनी आहे. तिथल्या एका अंकलना मी या एपिसोडसाठी भेटलो. नाव सांगायला त्यांनी मनाई केली आहे. सत्तरच्या दशकात ते एका बँडमध्ये बेस वाजवायचे. लग्नं, चर्चचे फेस्ट, जिमखान्यातले नाच, थर्टी फर्स्ट. मी विचारलं, "अंकल, तुमच्या बँडची हिट गाणी कोणती?" त्यांनी पंधरा गाणी धडाधड सांगितली. सगळी शॅडोज, सीसीआर, आरडी बर्मन. मी म्हटलं, तुमची स्वतःची? तर थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "दोन होती रे. आमच्या लीडवाल्याने केलेली. एक स्लो होतं." मग आतून एक कॅसेट आणली. कव्हरवर पेनाने फक्त एक तारीख, तीही पुसट.

ते स्लो गाणं त्या कॅसेटमध्ये आहे असं त्यांना वाटतं. लीडवाले आता नाहीत. ड्रमर कॅनडाला. कॅसेट शेवटची कधी वाजवली ते आठवत नाही आणि आता घरात टेपरेकॉर्डर नाही. अंकल म्हणाले, "तू घेऊन जा. पण तुटली तर मला सांगू नको."

मी ती घेतली आणि गळ्यापर्यंत घाबरलो. कारण क्वीनच्या सत्तर लाख प्रती आहेत आणि या गाण्याची एक. घरी आणून आधी टेप नीट बघितली. दाब देणारा फेल्टचा छोटा तुकडा सुटला होता, टेप बाकी ठीक. एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांनी तो तुकडा बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. मग हेड साफ केलेला डेक मिळवला आणि एकदाच, सलग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. बी साइडला चौथं गाणं. स्लो. गाणाऱ्याचा आवाज मागे गेलाय, कुणीतरी मध्ये खोकतंय, पण बेस स्वच्छ ऐकू येतो. फाइल अंकलना पाठवली. दोन निळ्या टिक आल्या, उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. फक्त एवढंच, की लीडवाल्याच्या मुलीचा नंबर शोधतोय.

हे गाणं मी ऐकवणार नाहीये. ते त्या मुलीने ठरवायचं.

हक्कांचं निघालंच आहे तर सांगतो. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. म्हणजे १९७० मध्ये निघालेल्या तबकडीचं रेकॉर्डिंग १ जानेवारी २०३१ पासून खुलं. गाण्याचे शब्द आणि चाल मात्र वेगळ्या हिशोबाने चालतात, लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. त्यामुळे 'जुनं आहे, कुणी विचारत नाही' म्हणून अपलोड करून टाकू नका.

आणि आजच्या बँड्ससाठी एक आकडा. स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याला बारा महिन्यांत हजार वेळाही ऐकलं जात नाही, त्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. दहिसरच्या पोरांच्या सातपैकी दोनच गाणी सध्या त्या रेषेवर आहेत. बाकी पाच अल्गोरिदमच्या हिशोबात हिट सोडा, मोजण्यातच नाहीत. बेसवाल्याच्या बाबांचा प्रश्न बरोबर होता, पण मला पोराचं उत्तर जास्त पटतं.

आता काम. तुमच्या घरात, मामाकडे, चर्चच्या किंवा मंडळाच्या कपाटात अशा बँडची कॅसेट असेल तर उत्साहात लगेच प्ले दाबू नका. आधी झाकण नीट आहे का, फेल्टचा तुकडा जागेवर आहे का, टेप कुठे चिकटलीय का ते बघा. सैल असेल तर पेन्सिल घालून हाताने गुंडाळा. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात लोहचुंबक असतो. उतरवताना एमपी३ नको, वेव्ह फाइल करा, जागा जास्त खाते पण आवाज जातो तसा राहतो. आणि कोण गातंय, कोण वाजवतंय, कुठे, कधी, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून कव्हरवर लिहा. पेन्सिलने नाही, पेनाने.